चहाचे तीन पॉइंट

आमच्या गारखेड्याच्या घरात वर एक सॉफ्टवेअरवाला भाडेकरू राहतो. प्रत्येक कामाला पॉइंट देऊन त्याच्या टीमचा वेग दर पंधरवड्याला मोजतात म्हणं, त्यामुळं हा चहालासुद्धा पॉइंट देतो. "काकू, आजच्याला तीन."

वेग घटला की टीमवाले एका कामाचे चार तुकडे करतात, पॉइंटांचा आकडा फुगतो. मी विचारलं, "पण तुम्ही बनवताय त्या ॲपवर पेशंटचा दवाखान्यात नंबर लागतो का?"

"नाय काकू." अन् नखं खायला लागला.

काल ऑनलाइन मीटिंगमधला त्याचा आवाज खाली आला, "सर, नंबर एकाही पेशंटचा लागत नाय. माझे पॉइंट शून्य धरा."

आज सकाळपासून जिन्यात बसलाय. नोकरी राहती का जाती, साहेबांचा फोन येणारे. मी चहा दिला. प्यायला, पण पॉइंट काही सांगितले नाहीत.