आडवी पडलेली सुई

आमच्या जीपचा पुढचा जोड चार लिंबांनी मोडला. डोंगरात नाही, नदीत नाही. घाटकोपरला, आमच्या सोसायटीच्या आवारात, फरशीवर, दसऱ्याच्या सकाळी, सगळे बघत असताना.

जीप माझ्या मुलाची. तो आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी पैसे भरून चिखलात जातो. त्यांचा एक ग्रूप आहे. कुणाच्या तरी जागेत मुद्दाम खड्डे खणून पाणी सोडलेलं असतं. हे लोक त्यात गाड्या घालतात, अडकवतात आणि मग एकमेकांना बाहेर ओढतात. नंतर जेवण असतं. ज्या चिखलातून मी लग्न करून मुंबईला आले तो फुकट होता, असं मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला नाही कळणार." खरं आहे. मी चौथीपर्यंत शिकले.

पण त्या जीपवर माझा डोळा होता. माझी थोरली बहीण कोकणात आमच्या माहेरच्या घरात एकटी राहते. लग्नानंतर चार वर्षांनी पोराला घेऊन परत आली ती तिथलीच झाली. घर टेकडीवर आहे. वर जायला तांबड्या मातीची चढण, तिच्यात पाण्याने पाडलेल्या घळी. रिक्षा चढत नाही, साधी गाडी चढत नाही. माझे गुडघे गेल्यापासून आठ वर्षं मी वर गेले नव्हते. तिचे माझ्याआधी गेले, त्यामुळे ती खाली येत नव्हती. फोनवर आम्ही एकमेकींना गोळ्यांची नावं सांगायचो. डोली करू, असं गावातल्यांनी दोघींनाही सुचवलं होतं. चार माणसांनी उचलायची वेळ येणारच आहे, आधी सराव कशाला, असं मी म्हटलं. तीही तेच म्हणाली, फक्त शिवी घालून.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्याला असतो. तिला कायमची तिकडे न्यायची म्हणून तो मागे लागला होता. तिने त्याला एकच वाक्य ऐकवून ठेवलं होतं, "दारात गाडी इली की येतंय." दारात गाडी येणं शक्यच नव्हतं, म्हणून ते वाक्य वर्षानुवर्षं चाललं. मला ते पाठ होतं. तरी माझा मुलगा म्हणाला, "दिवाळीत तुला मावशीच्या दारात उतरवतो," तेव्हा मला तिच्या पडवीतली माझी बसायची जागा तेवढी दिसली.

आणि मग दसरा आला. जीपला हार घातला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. लिंबं चिरडून गाडी सरळ चार हात पुढे न्यायची, एवढंच असतं. पण पुढे सेक्रेटरींची स्कूटर होती आणि सोसायटी मोबाईल काढून उभी होती. मुलाने स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि ॲक्सिलरेटर दाबला. चिखलात चाक घसरतं, म्हणून जोड वाचतो. फरशीवर ते घसरत नाही, सगळा मार जोडावर येतो. पुढून खटाक् आवाज आला. तीन लिंबं फुटली, चौथं तसंच राहिलं.

सेक्रेटरी म्हणाले, "चला, गाडीवरची पीडा गेली."

अंधेरीच्या एसी गॅरेजवाल्यांनी सांगितलं की पुढचा अख्खा एक्सल बदलावा लागेल आणि माल यायला दीड महिना लागेल. किंमत सांगताना मुलाने आवाज खाली केला.

"दिवाळीनंतर बघू, आई."

दीड महिन्यात आमच्या वयात काय काय होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "मोडलेला तुकडा दाखव." त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. "फोटो नको. तुकडा आण."

तुकडा हातात घेतला आणि मला हसू आलं. चार हातांचा लोखंडी क्रॉस, त्याचा एक हात तुटलेला. प्रत्येक हातावर पोलादी वाटी बसते आणि वाटीच्या आत कडेने सुया उभ्या असतात, उदबत्तीच्या काडीएवढ्या जाड, नखाएवढ्या लांब. विक्रोळीच्या एका छोट्या कारखान्यात मी अठरा वर्षं ह्याच वाट्या भरल्या. बोटाने ग्रीस फिरवायचं, सुया एकीला एक चिकटवून उभ्या करायच्या, शेवटची दाबून बसवायची. हे काम बायकांकडेच होतं, कारण पुरुषांना घाई असते. मुलाच्या कॉलेजची फी त्यातून गेली. कॉलेजात हाच जोड त्याला फळ्यावर काढून शिकवला असेल. आई कुठे कामाला होती असं कुणी विचारलं की तो "प्रायव्हेट कंपनीत" असं सांगतो.

"क्रॉस मोडलाय," मी म्हटलं. "क्रॉस बदल."

"आई, ती ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत."

"म्हणूनच अख्खा एक्सल विकतायत."

त्याच्या ग्रूपमधल्या एकाने हळूच वाकोल्याच्या एका मेकॅनिकचं नाव सांगितलं. हळूच, कारण चारचौघांत सगळे अंधेरीलाच जातात. हा मेकॅनिक साठीचा, पत्र्याच्या शेडमध्ये. त्याने क्रॉस ज्यांत अडकतो ते दोन्ही बाजूंचे कान अंगठ्याने चाचपले आणि म्हणाला, "कान शाबूत आहेत. कशाला एक्सल न् बिक्सल. नवा क्रॉस टाकतो, संध्याकाळी घेऊन जा." सगळं मिळून मुलाच्या चिखलात घालायच्या बुटांपेक्षा स्वस्त पडलं. मी मुद्दाम बरोबर गेले होते. स्टुलावर बसले.

तीन वाट्या नीट बसल्या. चौथी ठोकून ठोकून आत गेली, पण तिच्यावरचं लॉक, म्हणजे वाटी बाहेर निघू नये म्हणून घालतात ती कडी, खाचेत बसेना. मेकॅनिक म्हणाला, "लॉकचा माल हलका आहे. जरा घासून बसवतो." मुलाने समजल्यासारखी मान हलवली.

"वाटी काढ," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही चहा घ्या ना."

"चहा झाला. आणि साठीच्या माणसाने मला आजी म्हणू नये. वाटी काढ, आत सुई आडवी पडलीय."

"तुम्हाला इथून दिसली?"

"दिसायला कशाला पाहिजे? ठोकलीस तेव्हा पडली. लॉक घासलंस तर बसेल, आणि चढणीवर सुटेल."

त्याने कुरकुरत वाटी काढली. तळाला सुई आडवी होती. दुमडली नव्हती, नशीब. मी वाटी मागून घेतली, जुन्या कापडाने पुसली, नवं ग्रीस लावलं आणि सुया भरल्या. माझी बोटं आता वाकडी झालीत, पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. मेकॅनिकने पंखा माझ्याकडे वळवला. लॉक अंगठ्याने बसलं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जीप चढण चढली. घळीत एक चाक अधांतरी झालं तेव्हा मी मुलाला गप्प बसायला सांगितलं. तो बोलत नव्हता, तरी सांगितलं. वर बहीण दारात उभी होती.

"जेसीबी इलो की काय?"

"नाय गो बाय. मी इलंय."

"दारात गाडी आणलंस तू," ती गाडीकडे बघत म्हणाली आणि आत गेली.

तोपर्यंत मुलाने अंगणातल्या जीपचा फोटो भाच्याला पाठवूनही टाकला होता. दहा मिनिटांत फोन वाजला. मुलाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"झकास रे. आता परत येताना आईला घेऊनच ये. मी खाली येऊन थांबतो. तिनेच शब्द दिलाय."

बहीण नारळ खवत होती. खोबरं संपलं तरी हात थांबला नाही, करवंटी खरवडल्याचा आवाज यायला लागला. मी एवढी मेहनत करून काय वर आणलं ते मला तेव्हा कळलं.

"त्याला सांग," मी फोनवर तळहात दाबून मुलाला म्हटलं, "जोड परत आवाज करतोय. एक माणूस वाढलं तर उतारावर सुटेल."

"पण आई, जोड तर एकदम..."

"सुया कुणी भरल्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, माझा हात फोनवरून बाजूला केला आणि भाच्याला जोडाबद्दल सांगितलं.

"कोण म्हणालं असं?" भाच्याने विचारलं.

"आई म्हणाली."

"मावशीला काय कळतंय त्यातलं?"

"अठरा वर्षं ती हेच करत होती," मुलगा म्हणाला. "कारखान्यात. सुया भरायची."

खोटं पचवायला का होईना, तोंडातून खरं निघालं.

बहीण एकटी राहते हे बरं की वाईट, मला माहीत नाही. भाचा वाईट नाही. पण तिने गाडीकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्याने बघितली नव्हती.

आम्ही तीन दिवस पडवीत बसलो. बोलायला फारसं नव्हतं, गोळ्यांची नावं फोनवर झालीच होती. निघताना तिने विचारलं, "किती दिवस चलात ह्या निमित्त?"

"फुडली दिवाळी काढीत. मगे दुसरा कायतरी मोडूया."

उतारावर गाडी अगदी गुपचूप चालली होती. शेजारचे लोक आपापल्या अंगणात उभे होते, आणि त्यांच्याकडे भाच्याचा नंबर आहे.

"जरा खडखडू दे तिला," मी मुलाला म्हटलं.

"जोड चांगला असला की खडखडत नाही, आई."

"माहीत आहे मला."