आबांना नेमकं कोणतं रीळ हवं होतं

उशांचे अभ्रे शिवायला काढले होते. एका अभ्र्याची कड दुमडून निम्म्यावर आले आणि मशीनवरचं पांढरं रीळ संपलं. आमचे हे कामावर निघालेच होते. "येताना एक पांढरं रीळ आणा हो," मी म्हटलं. तेवढ्यात पलंगावरून आबा म्हणाले, "मला बी एक रीळ आण रे."

आबा म्हणजे माझे सासरे, सहादू. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून उजव्या हातात जोर नाही आणि बोलणं जड झालंय. स्वतःहून काही मागत नाहीत. चहा दिला तर घेतात, नाही दिला तर नाही. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू उशीखाली तसाच पडून असतो. त्यामुळे आबांनी काहीतरी मागितलं याचाच मला इतका आनंद झाला, की रीळ कशाला हवंय ते विचारायचं राहूनच गेलं. सदऱ्याचं बटण तुटलं असेल, असं धरून चालले.

संध्याकाळी ह्यांनी दोन रिळं आणली. एक मी आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यानं मासा येतो का गं?"

माझी लेक स्नेहा कॉलेजात आहे. ती तर हसून हसून लोळायची बाकी. "आजोबा, मला वाटलं तुम्हाला मोबाइलवर रील बनवायचंय! मी नावसुद्धा ठरवलं होतं, पाणीवाले आजोबा!"

आबांनी डोळे वटारले. मग डाव्या हाताची मूठ हवेत गोल गोल फिरवून दाखवली, आणि तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला.

माझी नणंद अंजली देवगडला शिक्षिका आहे. आबांना महिनाभर घेऊन जाते म्हणून ती कधीची मागे लागलीय आणि आबा दर वेळी नको म्हणतात. "लेकीच्या दारात लुळा हात घिऊन बसू का?" एवढंच. परवा तिने फोनवर सहज सांगितलं होतं, की तिथे जेट्टीवर म्हातारी माणसं रीळ लावलेली काठी घेऊन बसतात. तेव्हा आबा डोळे मिटून पडले होते. पण ऐकत होते म्हणायचे.

"तसलं रीळ असंल आन् माह्या हाताला जमलं, तर जातो," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

म्हणजे आता सगळं त्या रिळावर आलं. हाताला जमलं तर आबा घराबाहेर पडणार, नाही जमलं तर त्या चेंडूसारखं तेही उशीखाली जाणार.

आबा मूळचे दिंडोरीकडचे. कादवा नदीच्या काठी वाढले, पाटी हातात यायच्या आधी गळ हातात आला. पुढे महापालिकेत पाणी सोडायच्या कामाला लागले. इंदिरानगरच्या गल्ल्यांतून सायकलला लांब लोखंडी चावी बांधून फिरायचे. रस्त्यातल्या खड्ड्यात ती चावी घालून व्हॉल्व्ह फिरवला की घराघरात नळ बोलायला लागायचे. सुट्टी आली की बांबूची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन धरणावर. समुद्र मात्र सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जात तेवढाच पाहिलेला. दर वर्षी घरी आले की म्हणायचे, "एवढं पाणी, आन् खिशात गळ नाय." सासूबाई चिडायच्या, "वंदनाला गेला होतात का मासे मोजायला?"

ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून दुकानात जायचं माझ्याकडे आलं. आणि इथेच माझा गोंधळ सुरू झाला. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, पौर्णिमेला अष्टशील घेते. पहिलं शीलच प्राणिहत्येपासून दूर राहायचं. घरात सुकट शिजते, बोंबील शिजतात, पौर्णिमा सोडली तर मी खातेही. पण मासा धरायचं साधन स्वतःच्या हाताने विकत आणायचं, हे खाण्यासारखंच की मारण्यासारखं?

विहारात वंदना घेणाऱ्या शकुबाईंना विचारलं. त्या फुलं काढत होत्या.

"तू बाजारातून मासा आणतेस तो काय म्हातारपणानं मेलेला असतो होय गं?"

"म्हणजे आणायला हरकत नाही?"

"असं मी कुठं म्हटलं? शील ते शील."

"मग नको आणू?"

"म्हातारा माणूस बाहेर पडत असेल तर त्याला अडवायचं पुण्य घेतेस की काय?"

"ताई, मग आणू की नको?"

"मला विचारून शील पाळतेस का?" असं म्हणून त्या बुद्धमूर्तीपुढची जुनी फुलं गोळा करायला लागल्या. मी आणखीच गोंधळून बाहेर पडले.

शालिमारजवळ मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. आत काठ्याच काठ्या. मी म्हटलं, "रीळ दाखवा. समुद्रावर मासे धरायचं."

"फिक्स स्पूल देऊ ना?"

"फिरणारं हवंय हो. आमच्या आबांना हाताने फिरवायचंय."

दुकानदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने एक रीळ काढून हँडल फिरवलं. दोरा गुंडाळलेला भाग वरखाली झाला, पण स्वतःभोवती फिरेना. त्याच्याभोवती एक तारेची कडी फिरत होती आणि तीच दोरा गुंडाळत होती. म्हणजे फिरणाऱ्या वस्तूतलं रीळ जागेवर. माझ्या मशीनची बॉबीन तर दोरा भरताना स्वतःच गरगरते. मी म्हटलं, "हे उलटं का?"

"गळ लांब फेकला की दोरा पुढून अलगद सुटत जातो. दुसऱ्या प्रकारात रीळच फिरतं, ते वेळेवर अंगठ्याने दाबावं लागतं. नाहीतर गुंता."

आबांच्या उजव्या अंगठ्यात आहे काय दाबायला? तेव्हा फिक्स स्पूल ठरलं. मला वाटलं, सुटले.

"चार हजार घेणार की आठ हजार?"

माझा हात पर्सवर गेला. "एवढं महाग?"

"अहो वहिनी, तो साइझचा नंबर आहे. समुद्र म्हणताय तर आठ हजार घ्या, दोरा जास्त मावतो. खाऱ्या पाण्याला चालणारं देतो. पण घरी आलं की गोड्या पाण्याने पुसायचं." मग म्हणाला, "हँडल कुठल्या हाताला? दोन्हीकडे बसतं. बहुतेक लोक डावीकडे लावतात."

समुद्र मोठा, म्हणून रीळही मोठं घेतलं. हँडल होतं तसं डावीकडेच राहू दिलं. "जमलं नाही तर बदलून न्या," दुकानदार म्हणाला.

घरी काठी नव्हती. ह्यांनी जळमटं काढायच्या झाडूची दांडी काढून रीळ तिच्यावर नाडीने घट्ट बांधलं. ह्यांचं म्हणणं, डाव्या हातात जोर आहे, तेव्हा डाव्याने फिरवायचं आणि उजव्याने नुसती काठी धरायची. स्नेहाने माझं शिवणाचं पांढरं रीळ घेतलं, त्याचं टोक आबांच्या रिळाला बांधलं आणि ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. "आजोबा, मी मासा!"

आबांनी काठी धरली. डाव्याने एक फेरा दिला आणि काठी उजव्या हातातून सुटून चहाच्या कपावर आदळली. आबांनी सांडलेल्या चहाकडे पाहिलं.

"ठिवून दे उचलून," ते म्हणाले.

हे लगेच नाडी सोडायला लागले. मी म्हटलं, "थांबा हो जरा." मला दुकानातलं काहीच नीट कळलेलं नव्हतं, पण माझं हातमशीन मला कळतं. त्यावर कापड धरायला डावा हात लागतो, उजव्याला नुसतं चाक फिरवायचं असतं. मी हँडलचा पेच सोडला आणि ते उजवीकडे बसवलं. काठी डाव्या हातात दिली. उजव्या हाताची बोटं एकेक करून हँडलच्या मुठीवर ठेवली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हात हलला. अर्धा फेरा, थांबला. पुन्हा अर्धा. कट् कट् आवाज आला. मग एक पूर्ण फेरा.

"चावी हाय ही," आबा म्हणाले. "व्हॉल्व्ह कधी डाव्या हातानं खोलला का म्या?"

दोरा ताणला गेला. स्नेहा गाल फुगवून बाल्कनीतून एकेक पाऊल ओढली जात आत आली. "लय जड मासा हाय," आबा म्हणाले, "फीच लय खातो." स्नेहाने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

पण माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे होतं. काठीसकट तो हळूहळू खाली येत होता. उजवा फिरतोय आणि डावाच दमतोय, असं उफराटं झालं होतं. "आबा, जड होतंय का?"

"रीळ थोराड हाय. काठीपरीस तेच जास्ती."

अंजलीला फोन लावला. ती म्हणाली, जेट्टीखालीच खोल पाणी आहे, लांब फेकायची गरजच नाही. मग एवढं मोठं रीळ कशाला घेतलं मी?

"आबा, मासा लागला तर?" मी विचारलं. मनातला गोंधळ गेला नव्हता.

"तुला नाय धाडणार. अंजली खाईल. तू तुझं शील सांभाळ." आणि पुन्हा हँडल फिरवायला लागले. माझं शिवणाचं रीळ निम्मं त्यांच्या रिळावर गेलं होतं, अभ्रे तसेच पडलेले.

आणायला हवं होतं की नको, ते अजून ठरलेलं नाही आणि आता तर दुसऱ्यांदा दुकानात जायचंय. एकच शील दोनदा मोडतं का, हे शकुबाईंना विचारण्यात अर्थ नाही. पण आबांनी अंजलीला फोनवर स्वतः सांगितलं, "येतो." ते मी कानांनी ऐकलं.

उद्या सकाळी वंदना झाली की शालिमारला जाऊन आठ हजारचं रीळ परत द्यायचं आणि चार हजारचं आणायचं.