गाडीतल्या फ्रिजचा पंखा

बाबा गेल्यापासून त्यांची व्हॅन मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली उभी होती. बोटीवर नोकरीला असताना त्यांनी गॅसवर चालणारा एक छोटा फ्रिज आणला होता आणि आईच्या इन्सुलिनसाठी तो व्हॅनच्या मागच्या भागात स्वतः बसवला होता. गावी वीज नव्हती, बर्फ तर दूरच. त्या फ्रिजमुळेच आई दर मे महिन्यात कोकणात जाऊ शकायची.

आता वर्षश्राद्धाला गावी जायचं होतं आणि फ्रिज गार होत नव्हता. त्याच्या मागच्या तापलेल्या पाइपांची गरम हवा बाहेर ढकलणारा लहान पंखा जळला होता.

"मी नाही आले तरी चालेल," आई म्हणाली. "इथूनच हात जोडीन." त्यानंतर ती कोणाशी धड बोलेना.

पंखा काढायला मी व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत बाबांच्या खोबरेल तेलाचा वास होता, इतका ताजा की मी "सॉरी" म्हणाले. बाबांच्या खोलीत न विचारता शिरले की मी म्हणायचे तसंच. पंखा पिशवीत घालून तसाच नवा आणायला घाटकोपरला निघाले, तर सारखं वाटत होतं, तो मांडीवर हळूच फिरतोय.

दुकानदाराने आधी माझ्यामागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं.

"टेपरेकॉर्डरका है क्या?"

"फ्रिजचा. गाडीतला."

त्याने दाखवलेला पहिला पंखा घरच्या विजेवर चालणारा होता. गाडीच्या बॅटरीवर तो हललाच नसता. दुसरा बॅटरीवरचा, पण एवढा मोठा की रात्रीत बॅटरी उतरवली असती. तिसरा तळहाताएवढा. जुना त्याच्यावर ठेवून पाहिला, स्क्रूची भोकं जुळली.

गाडी मामा चालवणार होता, म्हणून पंखाही त्यानेच बसवायचा असं ठरलं.

"मडम, स्क्रू-ड्रायव्हर दे गो," म्हणत त्याने पंख्याचं तोंड खाली, पाइपांकडे केलं. "वारा अंगावर यायला नको? माणसाक काय नि फ्रिजाक काय!"

मला ते पटलं नव्हतं, तरी मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशीही आत ठेवलेलं पाणी कोमटच होतं.

तेव्हा मी बाबांच्या फोटोपुढची उदबत्ती उचलून खाली नेली आणि पाइपांजवळ धरली. पंखा बंद असताना धूर सरळ वर चढून व्हॅनच्या बाजूच्या जाळीतून बाहेर गेला. पंखा सुरू केल्यावर मात्र तो खाली दबला, माझ्या तोंडावर आला आणि पुढे जाऊन स्टीअरिंगपाशी रेंगाळला.

"मामा, उलटा बसलाय."

"कोण म्हणता?"

मी नुसता धूर दाखवला. मामा धुराकडे पाहत राहिला, मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे. त्याने स्क्रू काढायला घेतले.

निघायच्या सकाळी आईने फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली काढून गालाला लावली. "गार आहे गं." बाटली परत ठेवून ती खाली उतरली, व्हॅनच्या बाजूला गेली आणि बाहेरच्या जाळीवर तळहात टेकला. आतून गरम हवा एका लयीत येत होती.

"हात गरम आहे त्यांचा," ती म्हणाली.

मामाने हॉर्न दिला. मी त्याला खुणेने थांबायला सांगितलं आणि तिने हात काढेपर्यंत बॅग धरून उभी राहिले.