कट्ट्यावर जेवायचं झालं तर

बेळगावात कॉलेजला आलो तेव्हा मॅट्रिकच्या पुढं गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. निपाणीकडच्या आमच्या गावात वाद व्हायचा तो बांधाचा, नाहीतर विहिरीच्या पाळीचा. जे घडलेलंच नाही त्यावर, 'समजा असं झालं तर' म्हणून माणसं तासभर भांडू शकतात, हे मला बेळगावात कळलं. आणि तेही सिनेमाच्या तंबूत.

तंबूत यंत्र एकच असायचं. रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढवीपर्यंत लोक शेंगा खात बसत. आम्ही तिघं जायचो. मी, माझ्या खोलीत राहणारा एका वकिलाचा मुलगा, आणि वर्गातला एक मित्र. या मित्राचे वडील ख्रिस्ती होते, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. वकिलाच्या मुलाचा नियम असा, की दिवे विझायच्या आत प्रत्येकानं सांगायचं, नायकाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं. माझं उत्तर वेळेत कधी यायचंच नाही. "याचं रीळ अजून चढतंय," असं तो म्हणायचा.

एकदा एका नावाड्याची गोष्ट होती. पुरात त्याची म्हातारी आई एका झाडाला धरून, परक्याचं तान्हं पोर दुसऱ्या झाडाच्या फांदीत. होडी एकदाच जाऊ शकणार. नेमके तिथं दिवे लागले.

"आई," वकिलाचा मुलगा म्हणाला. "यात विचार तो कसला करायचा?"

"पोर," मित्र म्हणाला.

"वा रे वा! तुमचा येशू आईला पाण्यात सोडायला सांगतो होय?"

"सोडायला न्हाय सांगत. पण त्याच्यामागं जायचं तर आधी तो, मग आईबाप, असं सांगतो."

"मग लांबूनच नमस्कार त्याला."

"आणि तुमचे देव काय कमी मागत्यात? पोटचं पोर मागितल्याच्या गोष्टी तूच सांगतोस की."

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दटावलं, "लेकरांनो, आधी बघा तरी काय हुतंय ते." तेवढ्यात दिवे गेले. पडद्यावर देवी प्रकटली, पूर ओसरला आणि आई, पोर दोघंही वाचली. परतताना वकिलाचा मुलगा चिडला होता. "फसवलं आपल्याला! देवीचा पर्याय कुणी धरला होता?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायरीवर त्यानं मला विचारलं, "समज, एखाद्यानं मनातनं सगळं मानलं, पण बाप्तिस्मा घेतला न्हाय. चालंल?"

मला वाटलं, कालचाच खेळ पुढं चाललाय. मी हौसेनं दोन्ही बाजू मांडायला लागलो. मग त्याचं तोंड बघून थांबलो.

हकीकत त्यानं थोडक्यात सांगितली. तो लहान असताना वडील ख्रिस्ती झाले. आई झाली नाही. ती हिंडलग्याला आपल्या भावाकडे राहायला गेली. मुलानं कॉलेजात गेल्यावर आपलं आपण ठरवावं, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळं मामाच्या लेखी हा अजून घरातलाच होता, आणि दर रविवारी आईच्या चुलीपुढं बसून जेवत होता. बाप्तिस्मा घेतला की ते बंद. मामानं तसं तोंडावर सांगितलं होतं.

लोक औषधासाठी, नोकरीसाठी ख्रिस्ती होतात, असं मी आमच्याकडे ऐकलं होतं. याला तर काही मिळायचं नव्हतं. होतं तेच जाणार होतं. मी चाचरत म्हणालो, "मग घ्यायचा कशाला? मनात हाय तेवढं पुरं की."

"मनातल्या मनात लगीन लागतं व्हय रं?"

मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, "मी खोटं बोललो की आत कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. त्याची ओळख असून चारचौघांत न दाखवायची, ते मला जमंना."

त्या दिवशी मी अधूनमधून आपल्या आत कान देऊन बघत होतो. कुणी आहे की नाही, मला काही ठरवता आलं नाही.

आईला सांगायला जाताना त्यानं मला बरोबर नेलं. ती रडली तर? मामानं हाकलून दिलं तर? आईनंच येऊ नको म्हटलं तर? हिंडलग्यापर्यंत आम्ही एकेका प्रश्नाचं उत्तर तयार करत गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. त्यानं एका दमात सांगून टाकलं.

तिनं विचारलं, "नदीत बुडिवत्यात का?"

"न्हाय. डोक्यावर पाणी घालत्यात नुसतं."

"थंडीचं दिवस हायत. डोस्कं नीट पूस." तिनं आणखी मूठभर शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "चुलीपाशी बसू देणार न्हाय तुजा मामा."

"ठावं हाय."

"भाईर कट्ट्यावर बसशील?"

"बसीन."

आमच्या तयार उत्तरांतलं एकही लागलं नाही.

त्यानं बाप्तिस्मा घेतल्यावरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो. मामा वाईट माणूस नव्हता. भाच्याची नजर टाळत तो मला म्हणाला, "तुमी आत या. पाट मांडलाय." मी दारातच घुटमळलो. आईनं कट्ट्यावर लेकापुढं पत्रावळ ठेवली, भाकरी, आमटी वाढली आणि आत गेली. परत आली ती आपली ताटली घेऊन, आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. त्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायका जेवत नसत.

आतून मामाचा आवाज आला, "आक्का, हे काय? माणसं जेवायची हायत अजून."

"मला भूक लागलीया."

"मग आत तरी बस."

"आत धूर लई हाय."

चूल तर केव्हाच विझली होती. मी दारातून मागं फिरलो आणि कट्ट्यावर, मित्राच्या पलीकडे बसलो.

आईनं मला निरखून बघितलं. "तू बी पाणी घेतलंस काय रं?"

"न्हाय."

"मग आत का न्हाय गेलास?"

"हितं वारा हाय," मी म्हणालो.

ती हसली आणि आणखी एक पत्रावळ आणायला आत गेली.