नदीकाठी अडलेली फौज

साहेब चार वाजता स्वतः खेळायला बसणार होते, आणि दोन वाजले तरी संगणकाची फौज नदीकाठी ढिम्म उभी होती.

आळीपाळीने चाली करायच्या त्या लढाईच्या खेळात संगणकाचं डोकं ताईच्या हाती होतं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. हल्ल्याची हौस किती, राजधानीची राखण किती, नुकसानीची भीती किती, प्रत्येकाला आकडा. दोन वर्षं ती ते आकडे घासत होती. आज साहेबांना पटलं नाही, तर तिचं काम काढून बाहेरून तयार आणायचं ठरलं होतं.

"सकाळी काय बदललंस?" काकांनी विचारलं. दिवसभर खेळून चुका शोधणं ही काकांची नोकरी.

"तीन आकडे."

"एकदम?"

"घाई होती हो."

"मग आता तिघांतला चोर कोण, ते देवालाच विचार."

ताईने तिन्ही आकडे कालच्या जागी नेले आणि एकेक पुन्हा सकाळसारखा करत डाव लावला. एका डावाला चाळीस मिनिटं, चारपर्यंत तीनच. पहिल्यात हौस वाढवली, फौज नदीपार गेली. दुसऱ्यात राखण कमी केली, तरी गेली. तिसऱ्यात भीती वाढवली आणि फौज पुन्हा काठावर बसली. चोर सापडला. पण फौज नदीपार गेलेल्या दोन्ही डावांत मागे संगणकाची राजधानी ओस पडली होती, हेही तिने पाहिलं होतं. तिने भीती कालच्या आकड्यावर नेली. राखण वाढवायला हवी होती, पण तिला हात लावला नाही. तपासायला डाव उरला नव्हता.

साहेब बसले. सहाव्या चालीला फौज नदी ओलांडून आली. साहेबांनी घाईने माणसं मागे घेतली.

"बरं खेळतंय की."

काकांनी डोळा मारला. ताई पुढे झाली.

"साहेब, संगणकाची राजधानी रिकामी आहे. वरच्या बाजूने फौज न्या."

साहेबांनी फौज तिकडे वळवली आणि दोन चालींत डाव जिंकला. मग खुर्ची ताईकडे वळवली.

"माहीत होतं तुला?"

"तासाभरापूर्वी कळलं. बदलता आलं असतं, पण न तपासलेलं कसं देऊ?"

"सोमवारी दहाला पुन्हा बसतो. तोवर बाहेरच्यांना थांबवतो. फक्त तोवर."

साहेब गेल्यावर काका म्हणाले, "गप्प बसली असतीस तर आजच सुटली असतीस."

"आणि सोमवारी त्यांनीच शोधलं असतं तर?"

तिने राखणीचा आकडा एकाने वाढवला आणि डाव लावला.