दोन राजे, सलीम आणि पानिपतची नोकरी

पावसाळ्यातल्या एका शनिवारी दुपारी, गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी ऑनलाइन पोकरच्या टुर्नामेंटमधून सगळ्यात आधी बाहेर पडले... सलग तिसऱ्यांदा. नवरा बाहेरच्या खोलीत होता, त्याने माझ्या आवाजावरूनच ओळखलं.

आमचा ग्रुप बारा जणांचा. सगळे मराठी, नोएडा, गुरुग्राम, दिल्लीतलं मुनिरका असे विखुरलेले. पैसे लावायचे नाहीत हा पहिला नियम, नुसत्या खोट्या चिप्स. पण जो सगळ्यात आधी बाहेर पडेल त्याने रविवारी सकाळी बागेतल्या भेटीला सगळ्यांसाठी नाश्ता करून आणायचा.

नाश्त्याचं मला काही नव्हतं. पण मी इन्शुरन्स कंपनीत रिस्क बघते यार... दिवसभर लोकांना धोका कुठे आहे ते सांगते. आणि इथे पत्त्यांत तीनदा पहिली बाहेर. नशीबच वाईट, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी मला हरवलं होतं सलीमने. सलीम मूळचा लातूरकडचा, वय अठ्ठावीस, मुनिरकात एका खोलीत राहून पाच वर्षं यूपीएससीची तयारी करत होता. खेळ संपल्यावर त्याचा फोन आला. वेळ असेल तर तुमचे डाव एकदा बघू या का, म्हणाला... ॲपमध्ये सगळे डाव सेव्ह असतात, हे मला तोवर माहीतही नव्हतं.

मग आम्ही दोघं स्क्रीन शेअर करून बसलो. माझ्या हातात दोन राजे होते. पण टेबलावर एक्का उघडला होता आणि सलीम प्रत्येक वेळी चिप्स वाढवत होता... मीही प्रत्येक वेळी तेवढ्याच टाकत गेले होते. शेवटी त्याने उरलेल्या सगळ्या मागितल्या आणि मी त्याही दिल्या. त्याच्याकडे दुसरा एक्का निघाला.

"ताई, शेवटच्या वेळी माझ्याकडे काय असेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

"एक्का," मी म्हटलं. खरंच तसंच वाटलं होतं.

मग चिप्स का टाकल्या, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अर्ध्या तर आधीच गेल्या होत्या ना... एवढं टाकल्यावर सोडायचं कसं?

तो म्हणाला, "त्या तुमच्या राहिल्याच नव्हत्या ताई. त्या टेबलाच्या झाल्या होत्या."

नशिबाचा मुद्दा तिथेच संपला. आम्ही मागचे सगळे डाव काढले आणि तीच चूक निरनिराळ्या पत्त्यांनी केलेली सापडली. शिवाय हरल्यावर चिडून लगेच पुढचा डाव खेळायचा, आणि मध्येच ऑफिसचे मेल बघायचे... तेही निघालं. मी फोनमध्ये चुकांची नोट सुरू केली. दर टुर्नामेंटनंतर दोन-तीन ओळी, स्वतःला सूट न देता.

सुधारणा झाली, बिल्कुल झाली. दिवाळीच्या सुमाराला मी एकदा दुसरी आले आणि मग एकदा चक्क पहिली. आता मी बऱ्यापैकी खेळते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. चांगली पानं हातात असताना डाव सोडणं अजूनही जड जातं... पण सोडते.

आणि मग एका रविवारी, बागेत सगळे खात बसलेले असताना, सलीमने शांतपणे सांगितलं की तो यापुढे परीक्षा देणार नाही. यंदाच्या निकालातही नाव नव्हतं, पण वय शिल्लक होतं, एक अटेम्प्टही शिल्लक होता. सगळे एकदम बोलायला लागले... आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"अरे, पाच वर्षं घातलीस. आता कसं सोडतोस?"

म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. सलीम माझ्याकडे बघत होता. तो हसला नाही, मला काही सुनावलंही नाही. नुसतं म्हणाला, "मला ते आता नको आहे ताई. वर्षभर झालं, नको आहे."

जाताना मी त्याला म्हटलं, चल, सीव्ही करू या.

सीव्ही करायला चार संध्याकाळी लागल्या. पाच वर्षांच्या रिकाम्या जागेत काय लिहायचं, यावर तो दरवेळी अडायचा. मी सांगितलं, खरं ते लिही... तयारी केली, निवड झाली नाही, आता काम करायचं आहे. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, चादरी आणि पडदे एक्सपोर्ट करणाऱ्या एका कंपनीत, त्याला घेतलं. गाव पानिपत.

घरी सांगायची त्याला भीती होती. अब्बांनी गावात सगळ्यांना मुलगा कलेक्टर होणार म्हणून सांगून ठेवलेलं. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे... आणि मग विचारलं, "नोकरीला दुसरं गाव नाही का मिळालं?" आधी सलीमला हसू आलं, मग अब्बांना. जॉइन व्हायच्या आधी चार दिवस घरी येऊन जा, एवढंच सांगितलं त्यांनी.

परवा त्याची व्हॉइस नोट आली. मागे मशीनचा एवढा आवाज की अर्धं कळलं नाही. रंगाच्या शेड्स तपासायचं काम त्याच्याकडे आलंय, एकच निळा म्हणून आलेल्या मालात चार निळे निघाले, असं काहीतरी रंगात येऊन सांगत होता... इतका भरभरून बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे. सलीम, त्या शनिवारी तुझी मेन्स तोंडावर होती आणि तू तीन तास माझ्या चुका बघत बसला होतास... त्या दिवशी तुला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. आज सगळ्यांसमोर म्हणते.