अक्काचा ट्यूनिंग फोर्क

अक्काचा कान गेला नव्हता.

डायरेक्टर सर, तुम्ही खोटं बोललात. काल भरल्या हॉलने ते ऐकलं.

बाकीचे तिला ओळखत नसाल तर सांगतो. सुलोचनाअक्का आमच्या गाण्याच्या ग्रुपची सगळ्यात जुनी आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. आम्ही बारा जण. वाद्य एकही नाही, नुसते गळे. चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन आणि गेल्या वर्षी लिहिलेलं कन्नड, एकाच संध्याकाळी.

वाद्य नसलं की सूर नकळत खाली उतरतो. सगळे एकदमच उतरतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

अक्काला लागायचा. शिवाजीनगरच्या रिहर्सलला गाणं संपलं की ती ट्यूनिंग फोर्क, तो एकच पक्का सूर देणारा धातूचा चिमटा, गुडघ्यावर आपटायची, कानाशी धरायची, मग टेबलावर टेकवून सगळ्यांना ऐकवायची आणि तिच्या कानडी वळणाच्या मराठीत निकाल द्यायची.

"बुडालो की रे! स्वल्प पाणी प्या, परत घ्या."

एकदा सरांनी रिहर्सलला बडे पाहुणे आणले. अक्काने सवयीने फोर्क आपटला. "बुडालो."

सर हसले. "अक्का, वय झालं. तुमचा कान गेला आता."

पुढच्या आठवड्यापासून तिची खुर्ची नव्हती.

फोर्क आम्हा अकरा जणांनाही ऐकू आला होता. आम्ही नोटेशनमध्ये माना घातल्या. मीसुद्धा.

तिने कान तपासून घेतला. रिपोर्ट नॉर्मल. तरी मला फोनवर म्हणाली, "मशीनला गाण्यातलं काय कळतंय? सर म्हणाले म्हणजे गेलाच असेल. सरी, ठीक आहे, सोड."

त्यानंतर दोन वर्षं ती घरात गुणगुणलीसुद्धा नाही. तिच्या मुलीने सांगितलं.

मागच्या महिन्यात अक्का गेली.

सरांनी लगेच फोटो टाकला. खाली काय लिहावं?

"आमच्या ग्रुपचा कान हरपला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कमेंट केली नाही. मी कार्यक्रमाची वाट बघितली.

काल तिच्या नावाने कार्यक्रम झाला. शेवटचं गाणं नेमकं फोर्कच्याच सुरावर संपणारं. मुलीने दिलेला अक्काचा फोर्क माझ्या खिशात होता.

शेवटचा सूर विरला. टाळ्या पडायच्या आत मी पुढे झालो, फोर्क गुडघ्यावर आपटला आणि निवेदनाच्या माइकसमोर धरला.

आम्ही आत्ताच सोडलेल्या सुरापेक्षा तो चांगलाच वर होता. पहिल्या रांगेतल्या एका आजींनीही चमकून सरांकडे बघितलं.

मी माइकमध्ये म्हणालो, "बुडालो की रे."

सरांचा चेहरा उतरला. मला बघायला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

विंगेत त्यांनी गाठलं. "हे काय केलंस तू?"

"अक्काचं काम होतं सर. केलं."

सकाळी मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलंय. चालेल. फोर्क देणार नाही.

फक्त एक गोष्ट खुपते. हे मी दोन वर्षांपूर्वी, त्या पाहुण्यांसमोर करायला हवं होतं. तेव्हा ती ऐकायला होती.

भावपूर्ण वगैरे सरांनी लिहिलंच आहे. माझ्याकडून एवढंच.

अक्का, तू बरोबर होतीस.